मापाला बसलेला माणूस

तो जुना तपकिरी फोटो पुंजारामने मांडीवर दाबून धरला — हातात धरला असता तर थरथरला असता, आणि फोटोवाल्या साहेबांना दिसलं असतं. फोटोत लेण्याचा खांब, खांबापुढे बसलेला माणूस. धोतर, गुडघे, काठी, सगळं रेखीव. मानेवर मात्र तोंड नाही, नुसता धूर.

"शंभरेक वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने काढलाय," फोटोवाले सांगत होते. "खांब केवढा ते कळावं म्हणून गावचा माणूस मापाला बसवायचे. कॅमेऱ्याचं झाकण फार वेळ उघडं ठेवावं लागे, त्यात याने मान हलवली. आता तिथंच तुम्ही बसा, बाबा. इथं अंधार आहे, मलाही वेळ लागेल. हलू नका, एवढंच. एक प्रत तुमच्या ऑफिसला पाठवतो."

ऑफिसला... पेन्शन बसायला अजून दोन पावसाळे काढायचे होते. दिवाळीपासून हातांपाठोपाठ मानही हलू लागली, तेव्हापासून लेण्यांचा हा पहारेकरी चारचौघांत भिंतीला डोकं टेकूनच उभा राहायचा. लोक म्हणत, म्हातारा आळशी झाला. आळशी बरा, आजारी माणसाला घरी बसवतात. सकाळी त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळताना बायको लंकाबाई म्हणालीच होती, "नंदीबैलावानी सगळ्याला हो हो करताय. माझं बरं हाय, मी काय बी मागितलं तरी हो." हसली होती, पण गाठ तिने करकचून मारली होती.

"मफलर काढा, बाबा. जुन्या फोटोत नाही."

काढला. मान उघडी पडली. साहेबांनी झाकण उचललं आणि मनगटावरच्या एचएमटी घड्याळाकडे बघत राहिले.

खाली आग्रा रोडवर ट्रक कण्हत चालला होता — त्याच्याकडे लक्ष द्यावं, दात आवळावेत... तो माणूस का हलला असेल? माशी बसली, कुणी हाक मारली, की त्यालाही हेच... आणि मी हललो तर? ऑफिसात कुणीतरी माझा धूर टेबलावर ठेवून विचारील, ह्याला काय झालंय...

आजवर ती थरथर येताना कळायची. आधी कानामागे मुंग्या, मग मान. आता मुंग्या नव्हत्या. म्हणजे ती आलीच नव्हती? की येऊन, रोजची होऊन, कळेनाशी झाली होती? समोरची पायरी किंचित हलल्यासारखी वाटली — पायरी कशी हलेल...

साहेबांना दिसेल ही भीती कुठल्या कुठे गेली. उलट त्यांनी घड्याळावरून नजर काढावी, आपल्याकडे नीट बघावं, सांगावं — हलतोय का मी? पण विचारायला तोंड उघडता येत नव्हतं.