घंटा वाजली की उठायचं

खालच्या आळीचा नळ कोरडा पडून तिसरा महिना लागला होता, आणि चंपियनची बायको दोन हंडे घेऊन चढ चढताना नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत होती. गुडघा सुजलेला, उन्हानं जमिनीला भेगा पडलेल्या. त्यात वाटेत भेटणारी प्रत्येक बाई विचारायची, काय वहिनी, चंपियन पंचायतीत गेले ना, मग पाणी कुठं अडलं?

कुठं अडलं ते आंधळ्यालाही दिसत होतं. टाकीतनं निघालेला पाइप मध्येच वळून पंचायतीच्या अध्यक्षांच्या बागेत शिरला होता. गावाला चार झाडं दिसावीत म्हणून बिचारे अध्यक्ष एवढा त्रास घेत होते. कुंपण मात्र उंच होतं, कुणी फुकट बघू नये म्हणून.

नवऱ्यानं एकेकाळी बॉक्सिंगमध्ये देशातले भलेभले आडवे केले होते. पुढं गावातला दारूचा अड्डा बंद पाड, शाळेला छप्पर मागून आण, अशा लष्कराच्या भाकऱ्या भाजायची सवय लागली, आणि लोकांनी त्याला निवडून दिलं. अध्यक्षांनी हार घातला, खुर्ची दिली, बोलायची संधी तेवढी दिली नाही. गडी मुळातच घुमा. हात चालायचा, तोंड नाही, आणि पंचायतीत हात चालवायची सोय नसते. घरचं दार दोन वर्षं एका बिजागरीवर लोंबत होतं, पण गावाच्या सेवेतून तिकडे बघायला सवड कुठली!

"आज सभेत बोलला नाहीत, तर उद्यापासून हंडे तुम्ही वाहायचे," तिनं सकाळीच सुनावलं होतं. हंडे घरी टेकवून ती थेट पंचायतीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

अध्यक्षांच्या टेबलावर पितळी घंटा होती. ती वाजली की बोलणाऱ्यानं खाली बसायचं, असा नवा नियम. चंपियन उठला, "खालच्या आळीचं पाणी," एवढं म्हणाला आणि घंटा वाजली. तो मुकाट बसला. बायकोनं कपाळावर हात मारला.

सदस्य फिदीफिदी हसले. त्यांना गप्प करायला अध्यक्षांनी पुन्हा घंटा वाजवली, तसा चंपियन ताडकन उभा.

"खालच्या आळीचं पाणी बागेत जातंय."

घंटा. बसला. अध्यक्षांनी पुढच्या विषयासाठी घंटा वाजवली. पुन्हा उभा.

लेखनिकानं नियम समजावून सांगितला. चंपियननं शांतपणे ऐकून घेतला.

"मी वीस वर्षं एकच नियम पाळलाय," तो म्हणाला. "घंटा झाली की बसायचं, पुढची झाली की उठायचं. आता या वयात मोडायचा कसा?"

अध्यक्ष चिडले आणि चिडून घंटा बडवत सुटले. दर दुसऱ्या घंटेला चंपियन उठायचा आणि एक वाक्य पुढं सरकायचा. आधी पाइप आला, मग चर खणला तो दिवस, मग खणणाऱ्याचं नाव. खिडकीतल्या बायका राऊंड मोजायला लागल्या. जेवायची वेळ टळली. नवव्या राऊंडला उपाध्यक्षांच्या पोटात कावळे ओरडले आणि त्यांना एकदम जनतेचा कळवळा आला. पाइप सरळ करायचा ठराव झाला, चंपियननं तो लिहून, सही घेऊन मगच खुर्ची सोडली.

आठवड्यात नळाला पाणी आलं. नळाशेजारी दगड बसला, 'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून.' चंपियनची बायको दगड वाचून पोट धरून हसली. मग धार हंड्यात पडायला लागली आणि तिचे डोळे भरून आले.

"खरं सांगा," हंडा उचलताना तिनं विचारलं, "घंटेला तुम्ही चुकून उठत होता?"

"पहिल्या दोन वेळा," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो खाटेवर जरा टेकला. तिनं भरलेला हंडा खाली ठेवला, लोंबत्या दाराकडे पाहिलं आणि ताटावर पळी आपटली.

चंपियन उठला.