न बोलावलेला पाहुणा

प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, अंगणात, बाबागाडीत वेन्लाचा तान्हा ओइवा झोपला होता. बाहेर गोठवणारी थंडी, म्हणजे बाळाला झोपवायला छानच, असं सासूचं मत. वेन्लालाही ते पटायचं, पण पांघरूण हलतंय ना, हे बघायला ती सारखी खिडकीशी जात होती.

बाळंतपणाच्या रजेनंतर ती प्रयोगशाळेत आली होती एका नळीसाठी. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या नळीत अडकलं होतं. द्रवात सोडलेल्या रेणूंच्या वाट्या आपोआप एकमेकींवर पालथ्या पडायच्या, त्यांची कुपी व्हायची आणि आत एखादा लहानसा रेणू पाहुणा म्हणून कोंडला जायचा. कोंडलेल्याच्या खुणा आलेखात शून्याच्या पलीकडे, एका बाजूला उमटायच्या. वेन्लाच्या नळीत मात्र तिने घातलेला पाहुणा बाहेरच राहिला होता. आत भलताच कुणी बसला होता.

"हा कोण ते शोध," मार्गदर्शक रीत्ता रजेआधी म्हणाली होती. "नाहीतर ते प्रकरण वगळ."

वेन्लाने आज पुन्हा आलेख काढला. खुणा जागच्या जागी होत्या, आणि ओळख अजून पटत नव्हती.

ओइवा उठला. गाडी बाहेरच ठेवून त्याला कॉफीच्या खोलीत आणून तिने पाजलं आणि मग टोपलीतलं संत्रं सोलायला घेतलं. सालीचा बारीक फवारा बोटांवर उडाला, तशी ती थांबली. एस्को! तिचा जुना सहकारी, डिसेंबरभर संत्री सोलत हिंडणारा, त्याच हातांनी तिच्या नळ्या भरून देणारा. ती चिडली की म्हणायचा, तुझ्या कुप्यांनाही नाताळ असू दे की. आता तो दूर उत्तरेत शाळेत शिकवत होता, आणि त्याच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाची बाटली होती.

ओइवाला रीत्ताच्या कडेवर देऊन तिने ताज्या कुप्यांच्या नळीवर साल पिळली. आलेखात त्याच खुणा उमटल्या.

"तुझ्या पाहुण्याला बाहेर ठेवून हा सालीच्या तेलातला रेणू आत बसला," रीत्ता म्हणाली. "प्रकरण टिकलं. पण कुठून आला, तेही लिहावं लागेल."

वेन्लाने फोन लावला. एस्को पोट धरून हसला.

"एवढे दिवस आतच होता तो?"

"आतच."

"मग आभारात माझं नाव घाल. नुसतं संत्रं लिहू नकोस."

बोलता बोलता ती सवयीने खिडकीशी गेली. गाडी रिकामी दिसली आणि काळजात धस्स झालं. मग मागून ओइवाचा हुंकार आला. रीत्ता त्याला सालीचा वास देत होती.