मुकादमाच्या मुलींची अंडी

आमच्या अंगणात दोन कोंबडे होते आणि त्यातला एकच राहणार होता. दादानं वरच्या मजल्यावरच्या नर्सला तसं कबूलच करून टाकलं होतं. तिची रात्रपाळी असते, ती दिवसा झोपते. एक कोंबडा आरवला तर ती कूस बदलून परत झोपायची. पण दोन असले की एकमेकांना उत्तरं देत बसतात. हा म्हणतो मी मोठा, तो म्हणतो मी मोठा. दिवसभर हेच.

"माणसांसारखंच आहे," ती दादाला म्हणाली, "फक्त माणसं मध्ये जेवायला तरी थांबतात."

दादा मला म्हणाला, "तुझ्या सुट्टीच्या दिवसापर्यंत एक घालव. कुठला ते तुझं तू बघ."

कुठला? अरे, गेली दोन वर्षं मी तेच तर बघत होतो!

मी मारान जातीच्या कोंबड्या पाळतो. ह्यांची अंडी चॉकलेटी असतात. म्हणजे असायला पाहिजेत. लक्ष दिलं नाही तर पिढीगणिक रंग उतरतो आणि शेवटी हातात साधं तांबूस अंडं येतं, कुठल्याही दुकानात मिळतं तसं. म्हणून निवडत राहावं लागतं. गडद अंड्यातली पिल्लं पुढे न्यायची, फिक्यातली नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघितले, माती खाल्ली, परत केलं.

दादा फ्रीज दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात मेलेले फ्रीज. त्यातल्या एकात बल्ब लावून मी अंडी उबवतो. "सगळं जग फ्रीजमध्ये अंडी गार करतं," दादा गिऱ्हाइकांना सांगतो, "आमचे धाकटे साहेब गरम करतात."

आता कोंबड्याची भानगड अशी की तो अंडं घालत नाही. रंग त्याच्या रक्तात असतो, पण दिसतो त्याच्या मुलींच्या अंड्यांवर. म्हणजे आधी त्याला मुली व्हायला पाहिजेत, त्या वाढायला पाहिजेत, मग त्यांनी अंडी घालायला पाहिजेत. तोपर्यंत तुम्ही काहीही बोला, सगळा अंदाजच.

तर हे दोघं.

एक नवरदेव. काळा कुळकुळीत, मानेवर तांब्याची झाक, पायांवर बारीक पिसं, तुरा करवतीनं कापल्यासारखा सरळ. दुकानात आलेला माणूस मागे डोकावला की त्याचाच फोटो काढायचा.

दुसरा मुकादम. तुऱ्याला बाजूनं एक फाटा फुटलेला, चाल वाकडी, स्वभाव त्याहून वाकडा. पाणी भरायला गेलं की पोटरीवर चोच. दादा तर त्याच्या जाळीत हेल्मेट घालून जायचा. चोच बसायची पायाला, पण हेल्मेट डोक्यावर. पण हा मुकादम ज्या अंड्यातून निघाला तसं अंडं मी परत बघितलं नाही. जवळजवळ काळं.

माझं मन मुकादमाकडे होतं. पण मन म्हणतं म्हणून कोंबडा ठेवायचा नाही, हा माझा नियम. त्या नियमासाठीच एवढा खटाटोप होता. दोघांना वेगवेगळ्या जाळ्यांत त्यांच्या त्यांच्या कोंबड्यांबरोबर ठेवलेलं. दोघांच्या मुली तिसऱ्या जाळीत एकत्र वाढवल्या. नवरदेवाच्या मुलींच्या पायात लाल कडी, मुकादमाच्या निळी. आणि त्यांच्यासाठी प्लायवूडची खुराडी केली, कोंबडी आत शिरली की मागे झडप पडते. ती आत अडकून राहते, आपण जाऊन सोडवायची. म्हणजे कुठलं अंडं कुणाचं ह्यात शंकाच नको.

पण सोडवणार कोण? मी सकाळी पार्सलच्या गोदामात जातो, त्या अंडी घालतात त्यानंतर.

"मी सोडवते," वहिनी म्हणाली. "नाहीतरी दिवसभर तुझ्या दादाच्या फ्रीजवाल्यांचे फोन घेते. एक खातं अजून."

ती फार मनापासून करायची. कोंबडी सोडवायची, कडीचा रंग बघायची, अंड्यावर पेन्सिलनं 'लाल' नाहीतर 'निळी' लिहायची आणि ट्रेमध्ये लावून ठेवायची. पोरी नुकत्याच अंड्यावर आल्या होत्या, आणि मागच्या सुट्टीला मला गोदामात बोलावून घेतलं होतं. त्यामुळे मी बघितली ती सगळी ट्रेमधली अंडी. संध्याकाळी, बल्बखाली, तिच्या अक्षरासकट.

लालवाली छान होती. एकसारखी, चहासारख्या रंगाची, थोडी गडद. फार काही नाही पण चांगली.

निळीवाली बघून माझं तोंड उतरलं. फिकी, त्यातही डाग डाग, ओरखडे. एखादी भिंत रंगवायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली तशी. रोज वाटायचं उद्या बरी येतील. आली नाहीत.

"काय रे, कुणी मेलंय का?" दादानं विचारलं.

"मुकादम," मी म्हटलं.

नियम म्हणजे नियम. अंडी सांगतील ते खरं. सुट्टीच्या दिवशी सकाळीच कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला बोलावलं. तो पोतं घेऊन आला. मुकादमानं त्याच्याही मनगटावर एक चोच हाणली.

"ह्याचं मटण चिवट होणार," चिकनवाला म्हणाला.

"ह्याचं सगळंच चिवट आहे," मी म्हटलं.  तो गेला. मी उगाचच सगळी पाण्याची भांडी घासत बसलो. दुपारी नवरदेवाला मुकादमाच्या कोंबड्यांत सोडायचं, असं ठरवलेलं होतं.

तेवढ्यात खुराड्याची झडप पडल्याचा आवाज आला. मग जरा वेळानं कोंबडी बोंबलायला लागली. वहिनी फोनवर होती, म्हणून मीच गेलो. आत निळी कडी. तिला बाहेर काढलं, पेंढ्यात हात घातला.

गरम अंडं. ओलसर. आणि रंग! जळालेल्या लाकडासारखा, त्यावर आणखी काळे ठिपके, जाड, हाताला लागतील असे.

मी तिथंच उकिडवा बसलो. म्हटलं, एखादं निघतं असं. एका अंड्यावर जाऊ नये. पण पाय आपोआप स्वयंपाकघराकडे निघाले. वहिनीला दाखवायचं होतं.

तिनं फोन ठेवला, अंड्याकडे बघितलं, नाक मुरडलं. "शी! आज फारच भरलंय. आण इकडे." आणि माझ्या हातातून घेऊन नळाखाली धरलं, घासणीनं खसाखसा चोळलं. सिंकमध्ये तपकिरी पाणी वाहिलं. ठिपके गेले. खालून फिकट, ओरखड्यांचं अंडं निघालं. तिनं पदरानं पुसलं आणि वर लिहायला पेन्सिल उचलली.

"वहिनी."

"काय?"

"तू रोज धुतेस?"

"सगळी कुठे? लाल कडीची चांगली स्वच्छ असतात, ती तशीच ठेवते. ह्या निळ्यावाल्या कुठं लोळून येतात देव जाणे. इतकी घाण असते की घासून घासून हात दुखतात माझे."

ह्या जातीचा रंग अंड्याच्या आत मुरलेला नसतो. अगदी शेवटी वरून चढतो आणि वाळेपर्यंत कच्चा असतो. हे मला माहीत होतं. व्हिडिओत बघितलं होतं. तिला सांगायचं मला सुचलं नाही, कारण अंडं बघून कुणी घासणी घेईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जेवढं अंडं गडद, तेवढं तिला घाण वाटलं, तेवढं तिनं जास्त घासलं. मी सगळ्यात चांगली अंडी बघून सगळ्यात वाईट ठरवली.

मी चप्पल न घालता पळालो.

चिकनवाला दुकानाबाहेर फरशी धूत होता. मला बघून त्यानं पाण्याचा पाइप खाली ठेवला. काही विचारायची गरज पडली नाही.

"अरे, तूच म्हणालास ना ने म्हणून," तो म्हणाला. "पहिला तोच घेतला. चावत होता."

"हो," मी म्हटलं. "तुझं काही नाही."

परत येताना रडू येत होतं, खरं सांगतो. अर्ध्या रस्त्यात थांबलो, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. आणि बसल्या बसल्या एकदम आठवलं की कोंबडा गेला तरी कोंबडीच्या पोटात त्याचं बीज लगेच संपत नाही. दोनेक आठवडे तिची अंडी त्याचीच असतात. दुसऱ्या कोंबड्याला आत सोडलं नाही तर.

दुसऱ्या कोंबड्याला.

मी परत पळालो. अंगणात दादा दोन जाळ्यांमधल्या दाराशी उभा, कडी काढत होता. पलीकडे नवरदेव मान ताठ करून तयार.

"दादा, हात लावू नकोस!"

"तूच म्हणालास दुपारी सोडायचं. म्हटलं तू बाहेर गेलायस तर मीच..."

"लाव. दार लाव!"

त्यानं लावलं. मी वर तार गुंडाळली, दोन पीळ, चार पीळ. नवरदेव रागानं जाळीवर आपटला. आपट म्हटलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर राग पण.

"आधी बोलायला काय झालं होतं? मला काय माहीत डाग पाहिजेत म्हणून! आख्खं आयुष्य डाग काढण्यात गेलं माझं."

"चूक माझी आहे, वहिनी."

"आहेच तुझी," ती म्हणाली. नाक ओढलं. "आता काय करायचं ते सांग. नीट सांग ह्या वेळी."

नीट सांगितलं. मुकादमाच्या जाळीतलं प्रत्येक अंडं उचलायचं. पाणी नाही, फडकं नाही, पदर तर मुळीच नाही. टोक खाली करून ठेवायचं. पुरेशी जमली की सगळी एकदम फ्रीजमध्ये. निळ्या कडीच्या मुली आहेतच, पण त्यातून एक कोंबडा निघाला, एकच, तरी मुकादमाच्या जागी मुकादमाचाच मुलगा येईल.

दादा कंप्रेसरवर बसून ऐकत होता. "आणि नर्सबाईंचं काय? दोन कोंबडे ठेवता येणार नाहीत. शब्द दिलाय मी."

"मुकादमाचं पिल्लू आरवायला लागलं की नवरदेव जाईल."

"तो? लोक फोटो काढतात त्याचे!"

"मग फोटो राहतील."

"आणि सगळ्या कोंबड्याच निघाल्या तर?"

"तर त्यांच्या पोटचे कोंबडे बघीन."

"म्हणजे अजून दोन वर्षं."

"लागू देत."

 दादा उठला, माझ्या उबवायच्या फ्रीजचं दार उघडलं, रबर बोटानं दाबून बघितलं. "हे खालून हवा सोडतंय," तो म्हणाला. "एवढी मोलाची अंडी ठेवणार आणि असलं रबर? सरक, मी बदलून देतो."

मी सरकलो. वहिनी टोपली घेऊन मुकादमाच्या जाळीकडे गेली.