न थांबणारी अंगाई

वर्गात तिला सगळ्या ताई म्हणत. मुलींहून ती बरीच मोठी, तान्हं बाळ आपल्या आईच्या मांडीवर ठेवून विद्यापीठात येणारी. आज प्रोग्राम नीट चालला नाही तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. मॅडमचं सांगणं साधं होतं: घरातलं एखादं काम घ्या, त्याचं लूप लिहा. यंत्राने तेच काम पुन्हापुन्हा करावं, पण वेळ आली की आपलं आपण थांबावं.

ताईने अंगाई घेतली. बाळ जागं आहे तोवर एकेक ओळ गा.

तिने कळ दाबली.

‘नीज माझ्या पिला, वारा निजला…’

ओळ उमटली. तिच्याखाली तीच, तिच्याखाली पुन्हा तीच. स्क्रीन भरून वाहू लागली.

“ताई, बाळ म्हातारं होईल आता,” शेजारची म्हणाली. चपळ बोटांची, म्हणून तिला चिमणी म्हणत. तिने प्रोग्राम बंद पाडला. “सरक. नेहमीसारखं मीच करून देते. मॅडम येतायत.”

ताईने खुर्ची मागे घेतली, पण अर्धीच. “नको गं. परीक्षेत तू कुठे असशील?”

ती ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागली. हात टेबल थोपटू लागला. एक ओळ, मग मान किंचित खाली. दुसरी ओळ, पुन्हा मान खाली.

“मान काय हलवतेस?”

“बघतेय. झोपलं का ते.”

बोलता बोलता ताई थबकली. हा प्रश्न तिने प्रोग्राममध्ये सुरुवातीला एकदाच विचारला होता. पुढे नुसतं गाणं. दर ओळीला वाकून बघणं हे तिला कधी काम वाटलंच नव्हतं, मग यंत्राला सांगणार कोण?

एका बोटाने अक्षरं शोधत तिने तो प्रश्न लूपच्या आतही लिहिला.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. स्क्रीनवर आलं, झोपलं का? त्यांनी लिहिलं, नाही. ओळ उमटली. पुन्हा प्रश्न, पुन्हा नाही. पुन्हा ओळ.

“मॅडम, हो लिहा की,” चिमणी कुजबुजली. “ताईचा जीव टांगणीला लागलाय.”

“थांब गं. अजून एक ऐकू दे.”

मग त्यांनी हो लिहिलं. अंगाई थांबली. ताईची मान सवयीने खाली झुकली.

“ये परीक्षेला,” मॅडम म्हणाल्या, निजलेलं कुणी जागं होऊ नये अशा आवाजात.