अठरा हात

खिचडीची पळी हातात आल्यापासून मारोतरावांचा आवाज दुपटीनं वाढला होता. कन्हान नदीचं पाणी खालच्या टोलीत, काठावरच्या वस्तीत, शिरून दोन दिवस झाले होते. टोलीतली साठेक माणसं टेकडीवरच्या शाळेत येऊन राहिली होती आणि वरच्या गावानं त्यांच्यासाठी शाळेच्या पटांगणात चूल मांडली होती. मारोतराव विणकर. पण माग बंद पडून दहा वर्षं झालेली, त्यामुळे हुकूम सोडण्याजोगं एखादं काम मिळालं की त्यांना ते सोडवत नसे.

"लाइनीत या गा, लाइनीत! खिचडी पळून नाई जाऊन राह्यली!"

"अवो, पन कांताबाई कुठी हाय?" त्यांची बायको पुष्पलता ताटं पुसत म्हणाली. "थे काल बी जेवाले नाई आली."

"नसंन आवडली आपली खिचडी. तिले काय आवडते? माहं लुगडं तरी आवडलं होतं काय?"

पुष्पलतानं कपाळावर हात मारला. टोलीतल्या कांताबाईंनी बावीस वर्षांपूर्वी मारोतरावांकडून अठरा हातांचं नऊवारी लुगडं विणून घेतलं होतं. घरी नेऊन कोपरापासून बोटापर्यंत हात धरून मोजलं आणि दुसऱ्या दिवशी भर बाजारात परत आणून दिलं. "सतराच हाय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मारोतरावांनी आयुष्यात बरंच काही पचवलं, माग बंद पडला तोही पचवला. पण तो एक हात काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

पुष्पलता ताट घेऊन चौथीच्या वर्गात गेली. कांताबाई फळ्याखाली गळ्यापर्यंत चादर ओढून बसल्या होत्या. ओठ सुकले होते.

"पोट भरलं हाय माहं," त्या म्हणाल्या.

"काहीच न खाता? तुले शुगर हाय, कांताबाई. चक्कर येऊन पडशीन."

कांताबाईंनी दाराकडं पाहिलं आणि चादर थोडी खाली केली. आत फुलाफुलांचा गाऊन होता.

"टॅक्टरवर चढता चढता लुगडं बाभळीत गेलं, फाटून चिंध्या झाल्या. दुसरं घरासंगं वाहून गेलं. शहरातल्या मनीषनगरच्या लोकायनं टेम्पोभर कपडे पाठवले, भलं होवो त्यायचं. पन साड्या बाऱ्या-बाऱ्या हाताच्या. त्यात कास्टा कसा बसन वं? आन ह्या झग्यात मी भायेर जाऊ?"

"नोको जाऊ. इथंच खाय."

"खाल्लं का मंग जा लागते ना, बाई." कांताबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "संडास त्या कोपऱ्यात. मधात सारं गाव बसून हाय."

पुष्पलतानं ताट उचललं. ती तशीच बाहेर आली आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"झग्यात काय खराबी हाय?" मारोतराव म्हणाले. "थे टोलीतली सोनिका पाह्य, कालपासून झगा घालून मजेत फिरून राह्यली."

"तुमचं धोतर सोडून हाफपँटीवर लाइनीत उभं केलं तर?"

मारोतरावांनी आपल्या धोतराकडं पाहिलं. मग पळी शेजारच्या आनंदरावांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती आपणहून दिली हे पाहून आनंदरावांना धक्काच बसला.

गावात नऊवारी नेसणारी दुसरी बाई उरली नव्हती आणि खाप्याच्या बाजाराचा रस्ता पाण्याखाली होता. टेम्पोतून वाट्याला आलेली आणि कांताबाईंनी न नेसता परत केलेली पोपटी साडी होती. तिला जोडायला सोनिकानं आपल्या वाट्याची साडी आणून दिली. ती गुलाबी, वर टिकल्याच टिकल्या. मारोतराव व्हरांड्यात बसले आणि कोपर टेकवून साडी मोजायला लागले.

"थांबा," पुष्पलता म्हणाली. "कोनाच्या हातानं मोजून राह्यले तुमी?"

"माह्या. बाप बी असाच मोजे."

"सासऱ्याचा हात लांब होता. तुमाले माळ्यावरचा डबा काढाले स्टूल लागते. कांताबाई चौकटीतून वाकून जाते."

मारोतरावांनी साडी खाली ठेवली. थोड्या वेळानं सुतळी घेऊन ते वर्गाच्या खिडकीशी गेले.

"कांताबाई, हात दे वं इकडं."

"काहून गा? बांगड्या भरतं काय?"

"दे म्हनतो ना."

खिडकीच्या गजांतून एक लांब, वाळलेला हात बाहेर आला. मारोतरावांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि ती स्वतःच्या हाताशी लावून पाहिली. दीड बोट जास्त. अठरा वेळा दीड बोट म्हणजे सत्तावीस बोटं. चोवीस बोटांचा एक हात; बावीस वर्षांपूर्वीचा तो एक हात इथंच गेला होता. हिशोब दोनदा केला तरी तोच आला.

मग त्यांनी त्या सुतळीनंच मापलं, दोन्ही साड्या जोडल्या आणि सांधा कास्ट्यात दडेल असा बेतला. टाके इतके बारीक घातले की पुष्पलतानंही दोनदा बोट फिरवून पाहिलं. टिकल्या एकेक करून उसवल्या, तरी पाच-सात राहिल्याच. लुगडं आत गेलं. खिडकीतून कांताबाईंची मोजणी ऐकू यायला लागली. बाई त्या, चादरीत बसूनही मोजल्याशिवाय थोड्याच नेसणार होत्या! "पंधरा... सोळा... सतरा..." मारोतरावांनी पळी परत घेतली होती, पण ती पातेल्यात तशीच थांबली.

"अठरा."

अर्धी पोपटी, अर्धी गुलाबी अशा कांताबाई दारातून वाकून बाहेर आल्या. लाइनीतलं कोणी तरी फिसकन हसलं. पुष्पलतानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो ताटात पाहायला लागला. कांताबाई मान ताठ ठेवून पटांगण ओलांडून कोपऱ्यात गेल्या, परत आल्या, हात धुतले आणि लाइनीत उभ्या राहिल्या. पहिलं ताट त्यांनी मान वर न करता संपवलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढं केलं. "लुगडं मातर पुरं अठरा भरलं, मारोतराव." मग म्हणाल्या, "तवाचं सतराच होतं."

ताटांचा आवाज थांबला. पुष्पलतानं डोळे मिटून घेतले.

"सतराच होतं," मारोतराव म्हणाले, आणि कांताबाईंच्या ताटात आणखी एक पळी वाढली.