तिची बाजू

“बंद पडल्यावर पुन्हा किती वेळा चालू करून पाहिलंत?” डॉक्टरनं विचारलं.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या पर्समध्ये असल्यासारखं. मग म्हणाले, “बरेचदा.”

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. बसस्टॉपमागच्या गल्लीत, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी त्याचं एका खोलीचं दुकान आहे. आलेली डिस्क तो आधी कानाला लावून ऐकतो म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणते. चेहराही तसाच, नातेवाइकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगणाऱ्या माणसाचा. भावोजी त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे दिसत होते, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ताईला जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले असतील.

भावोजी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत होते. जमिनीखालून कुठला पाइप कुठून कुठे जातो ते कागदावर दाखवायचं आणि पुढे कॉम्प्युटर आल्यावर पडद्यावर दाखवायचं, एवढंच काम. साहेब आले आणि गेले, ह्यांचं टेबल तेच. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी आणून कपाटावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उठून दाढी केली. ताई म्हणायची, “ह्यांना रस्त्यानं जाताना दुकानं दिसत नाहीत, खालचे पाइप दिसतात.” ते ऐकून ते हसायचे. बोलण्याचं खातं त्या घरात ताईकडेच होतं.

ताई विणायची. आधी नक्षी काढायची, चौकोनी खान्यांवर, एक खाना म्हणजे एक टाका. पूर्वी कागदावर काढायची, नंतर कॉम्प्युटरवर काढायला शिकली. आता गंमत अशी की तिचा नक्षीचा प्रोग्रॅम एका सिस्टिमवर चाले आणि भावोजींचा नकाशांचा दुसऱ्या. घरात कॉम्प्युटर एक. त्यावरून बरीच धुसफुस झाल्यावर ऑफिसातल्या एका मित्रानं एकाच डिस्कचे दोन भाग केले आणि दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी बसवून दिल्या. तेव्हापासून ‘माझी बाजू’ आणि ‘तिची बाजू’. चालू केलं की काळा पडदा यायचा आणि त्यावर दोन ओळी, कुठे जायचं म्हणून विचारणाऱ्या. वरची त्यांची, खालची हिची. थोडा वेळ कुणी काही दाबलं नाही तर आपोआप वरची उघडायची. ताई वैतागायची. “मी हात पुसून येईपर्यंत गाडी तुमच्या घरी जाते,” म्हणायची. पण इतक्या वर्षांत ना ही त्यांच्या बाजूला गेली, ना ते हिच्या. भांडण म्हणून नव्हे. गरज पडली नाही, एवढंच.

भाचीला, ताईच्या परगावी असलेल्या लेकीला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ताईचं दुखणं बरंच पुढे गेलेलं होतं. तरी तिनं बाळासाठी स्वेटर घातलं सुईवर. पाठ सादी, ती लवकर झाली. पुढच्या भागावर एक वेल, खालून वर चढत जाणारी. छापलेला कागद दर ओळीला उचलून बघण्याचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून पडद्यासमोरच विणत बसायची. छातीपर्यंत आलं आणि थांबलं. सुया तशाच लोकरीत होत्या. भाचीनं फोनवर एवढंच म्हटलं, “मावशी, बाळाला पहिल्या दिवशी तेच घालायचंय. तू पुरं करशील ना?”

करीन म्हटलं. विणकाम मलाही येतं, ताईच्या हाताची सफाई नसली तरी. फक्त नक्षी हवी होती, आणि ती तिच्या बाजूला. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा चष्मा शोधेपर्यंत वरची ओळ उघडली आणि पडद्यावर पाण्याचे पाइप. दुसऱ्या वेळी मी जरा जोरातच बोलले की तुमचे हे पाइप मेले पाठ सोडत नाहीत. खरं तर पुन्हा चालू करायला कितीसा वेळ लागणार होता, पण ताईनं काढलेलं बघायला माझंच मन धजत नव्हतं. पुढच्या खेपेला बघू म्हणून मी घरी आले.

आणि त्यांनी विचार केला की आपण निवृत्त, आपल्याला आता आपली बाजू कशाला हवी? ती काढून टाकू. म्हणजे कॉम्प्युटर विचारणारच नाही, सरळ तिच्याकडे उघडेल, मेहुणीची गैरसोय व्हायची नाही. आपल्या हातानं त्यांनी आपला भाग पुसला. त्यांना हे ठाऊक नव्हतं की ‘कुठे जायचं’ विचारणारा तो दारवान त्यांच्याच भागात राहायला होता. घर पाडलं, दारवान गेला, आणि दोन्हींकडची वाट बंद झाली. काळ्या पडद्यावर एकच ओळ, मागितलेलं सापडत नाही अशा अर्थाची.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, डॉक्टर म्हणाला. पण घाबरलेला माणूस थांबतो कुठे? कपाटातून जुनी सीडी काढली, घातली, ती विचारील त्याला हो म्हणत गेले. ती पुरी डिस्क नव्यानं मांडायला लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी प्लगच उपटला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

“आधी ह्या डिस्कची आहे तशी नक्कल काढतो,” डॉक्टर म्हणाला. “जे काही करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कला आता कुणी हात लावायचा नाही.”

भावोजींनी मान खाली घातली. का ते मला माहीत होतं. त्यांच्या खात्यात मूळ नकाशावर कधी काम करत नसत. आधी ट्रेसिंग काढायचं, मग काय खाडाखोड करायची ती त्यावर. हे त्यांनी जन्मभर नव्या लोकांना शिकवलं होतं, मलाही जेवताना दहादा सांगितलं होतं. दुकानाबाहेर आल्यावर ते म्हणाले, “अगं, सुचलंच नाही. घरचं होतं ना ते.”

माझा राग तिथे संपला. पण बोलून दाखवलं नाही, तेही मला जमत नाही.

आठवडाभरानं डॉक्टरचा निरोप आला. चित्रं बरीचशी सापडली होती, पण नावं गेली होती. कुठली फाइल कुठे आहे ह्याची यादी डिस्कच्या ज्या जागी असते, नेमकी तीच नव्या मांडणीखाली चिरडली गेली होती. त्यानं डिस्क कणाकणानं चाळून चित्रासारखं दिसेल ते बाहेर काढलं आणि प्रत्येकाला नुसता आकडा दिला. “घरातलं सगळं सामान रस्त्यावर आणून ठेवलंय असं समजा,” तो म्हणाला. “कुठलं कशातलं, ते तुम्हीच ओळखायचं.” फक्त ताईचीच सिस्टिम नव्यानं घालून दुरुस्त केलेला कॉम्प्युटर भावोजी स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आले.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. ते एकेक चित्र उघडायचे, मी ओळखायची. हा आमच्या बाबांचा मफलर. ही शेजारणीच्या जुळ्यांची टोपडी, एकावर ससा, दुसऱ्यावरही ससाच, कारण पहिल्यांदा एकावर मांजर काढलं तर जुळ्यांनी भांडून घर डोक्यावर घेतलं होतं. भावोजी नाव टाइप करायचे, एका बोटानं. त्यांना स्वतःला मात्र एकही ओळखता येत नव्हतं.

एक चित्र उघडलं, उभ्या पिळाचं, मध्ये बारीक चौकड्या. ते बराच वेळ बघत राहिले. “हे कुणाचं असेल?”

“भावोजी,” मी म्हटलं, “अंगात काय घातलंय ते बघा.”

त्यांनी खाली छातीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा खाली. बिनबाह्यांचं करडं स्वेटर, कितीतरी थंड्या त्यांनी त्यातच काढल्या होत्या. त्यांनी नाव टाइप केलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

वेलींची चित्रं पुष्कळ निघाली, ताईला वेलींचा सोसच होता. मला त्या सगळ्या सारख्या दिसायला लागल्या. तेव्हा भावोजींनी सुईवरचं अर्धं विणकाम टेबलावर पसरलं, भिंग घेतलं आणि पेन्सिलीच्या टोकानं टाके मोजायला बसले. कुठल्या ओळीत पान, कुठून वेल डावीकडे वळते, कुठे फाटा फुटतो. ऑफिसात ते कसे बसत असतील ते मी प्रथमच पाहिलं. पाठ ताठ, जीभ किंचित बाहेर. मान न वळवता म्हणाले, “ही.”

हीच होती. पानन्‌पान जुळत होतं. खालून निघालेली वेल छातीशी येऊन दुभंगलेली, एक फाटा खांद्याकडे, एक गळ्याकडे. आणि ताईच्या सुईच्या वर चारच ओळी जाऊन चित्र संपत होतं. पुढे नुसते रिकामे चौकोन.

भावोजींनी भिंग खाली ठेवलं. “एवढा भाग माझ्यामुळे गेला,” म्हणाले. चहाही न घेता आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरनं ते चित्र वरखाली करून पाहिलं, आणखी कशाकशात उघडून पाहिलं. म्हणाला, “फाइल धड आहे, आजोबा. तुटली असती तर खालून काळी नाहीतर रंगीबेरंगी झाली असती. पुढचे चौकोन कोरेच आहेत. त्यांनी काढलंच नव्हतं पुढचं.”

नेहमी ताई पूर्ण नक्षी काढल्याशिवाय सुईला हात लावत नसे. ह्या वेळी रोज बसवेल तेवढं काढायची आणि तेवढंच विणायची. आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या हातून काही गेलं नाही. सुटलात.”

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “गेलं असतं तर बरं झालं असतं. कुठेतरी होतं, असं तरी म्हणता आलं असतं.”

मला रडू आलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली तरी आवरलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला, इस्त्रीच्या चार घड्या असलेला. ताई गेल्यापासून ते स्वतःच रुमालांना इस्त्री करत होते.

घरी आल्यावर मी विचारलं की पुढची वेल तुम्ही काढाल का? चौकोन तर भरायचे, तुमच्याच हातातलं काम. मीसुद्धा अंदाजानं काढू शकले असते, दोन फाटे आणि चार पानं, बाळाला काय कळणार होतं.

“नाही,” ते म्हणाले. “खाली पाइप कुठे गेलाय ते माहीत नसलं तर आम्ही रेघ ओढत नसू. जिथपर्यंत माहीत आहे तिथपर्यंत काढायची आणि थांबवायची. मागून येणारा फसतो नाहीतर.” मग म्हणाले, “वरचं सादं विण तू.”

त्या चार ओळी मी तिच्या पडद्यासमोर बसून विणल्या, तिच्याच खुर्चीत. कॉम्प्युटर आता काही न विचारता थेट तिच्या बाजूला उघडत होता. ओळी झाल्या, वेल संपली, आणि पुढे मी नुसती पांढरी लोकर चालवली, खांद्यापर्यंत, गळ्यापर्यंत.

बाह्या जोडून, धुऊन, वाळवून स्वेटर घेऊन गेले तेव्हा भावोजी पार्सलचा खोका तयार करून बसले होते. भाचीचा पत्ता त्यांच्या नकाशातल्या अक्षरात, सरळ, एकही रेघ तिरकी नसलेल्या. स्वेटर त्यांनी टेबलावर पसरलं. वेलीच्या मुळापासून बोट फिरवत वर आले, वळणावर वळले, फाट्याशी थोडे घुटमळले आणि जिथे नक्षी संपत होती तिथे बोट थांबवलं.

“चांगलं झालंय,” म्हणाले.

मग नकाशाची करतात तशी, बरोबर त्याच ओळीवर त्यांनी स्वेटरची घडी घातली.