कॉपरशिवाय

मित्तल सोजित्रा लबाडी करते याची मला जूनपासून खात्री होती. सिद्ध करायचं तेवढं बाकी होतं.

आमच्या राजकोटच्या लॅबमध्ये गंधक आणि नायट्रोजन एकाच कड्यात बसवायचं काम चालतं. औषधांना अशी कडी लागतात. कडं बंद व्हायला कॉपर घालावं लागतं, आणि नंतर ते पुन्हा काढून टाकताना नाकी नऊ येतात. मित्तलने मात्र कॉपर न घालता कडं बंद करून दाखवलं, तेही एक्क्याण्णव टक्के. तिची सगळी पीएच.डी. त्यावरच उभी होती. पेपर पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तीच रिअ‍ॅक्शन करून बघायची, हा वेकरियासाहेबांचा नियम. लॅबमध्ये सगळ्यात जुनी मी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

सहा वेळा केली. सहाही वेळा जे घातलं तेच परत हातात आलं. मित्तलला विचारलं तर गाठिया चावत म्हणाली, परका हात लागला की रिअ‍ॅक्शन लाजते. असला गोडवा मला पचत नाही.

मी पाळत ठेवली. कॉपर आयोडाइडच्या बाटलीचं रोज संध्याकाळी वजन करू लागले. ते कणभर हललं नाही. म्हणजे बाई घरून पुडी आणते, असं मी ठरवून टाकलं. शेवटी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या सकाळी दोघींसमोर होऊन जाऊ दे. खोटं निघालं तर ती या लॅबमधून जाईल.

फ्लास्क मी दिला, रसायनं मी मोजली, सॉल्व्हंट मी ओतला. मित्तलने फक्त आपल्या मुखवासाच्या डबीतून मॅग्नेट काढून आत टाकलं. शेंगदाण्याएवढं पांढरं मॅग्नेट, फ्लास्कमधलं मिश्रण घुसळायला. आमच्याकडे टिफिन वाटून खातात, पण मॅग्नेट कुणी कुणाला देत नाही. ज्याचं त्याने जपायचं. त्यामुळे त्यात मला काही खटकलं नाही.

जेवणाच्या वेळेपर्यंत तपासणीच्या प्लेटवर नवा ठिपका आला, अगदी ठसठशीत; म्हणजे कडं बंद झालं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तरी मी हट्टाने म्हटलं, आता माझं मॅग्नेट टाकून करू या. बाकी सगळं तेच, त्याच बाटल्यांतून.

संध्याकाळी प्लेटवर नवा ठिपका नव्हता.

साहेबांनी मित्तलचं मॅग्नेट चिमट्याने उचललं आणि अमोनियाच्या परीक्षानळीत सोडलं. आम्ही तिघंही नळीकडे बघत राहिलो. हळूहळू द्रव फिकट निळा झाला. निळा म्हणजे कॉपर. मॅग्नेटच्या पांढऱ्या कवचाला चिरा होत्या आणि त्यांत ते बसलेलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण साहेबांनी मॅग्नेट फिरवलं आणि टोकावरचा वितळलेला खड्डा दिसला. तो मी पाडला होता, हॉटप्लेटवर विसरून. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच मॅग्नेटवर कॉपरच्या रिअ‍ॅक्शन केल्या. मित्तल आली त्या दिवशी तिच्याकडे मॅग्नेट नव्हतं, बिचारी दारात उभी होती. मी मोठेपणाने काढून दिलं होतं.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मित्तल म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हेच वापरते."

"मग दोन वर्षांचं काम गेलं, बेन. पहिल्यापासून सुरू कर. पुन्हा असं घाणेरडं मॅग्नेट वापरलेलं मला चालणार नाही."

ती मान खाली घालून उभी राहिली. माझं नाव घेतलं नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि क्षणभर मी गप्प राहिलेही. मला माझीच किळस आली.

"साहेब, ते माझं आहे," मी म्हटलं. "मीच दिलं होतं तिला. आम्लात उकळून साफ न करता दिलं."

साहेब नळी घेऊन केबिनमध्ये गेले. मी मित्तलला म्हटलं, निदान तू तेव्हा विचारायचंस तरी, स्वच्छ आहे का म्हणून.

ती रिकामी डबी पुसत होती.

"तुमच्यावर कसा संशय घेणार, तोरलबेन?" ती म्हणाली.